मागच्या खोलीतली ओल

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

हे माझ्या आतेभावाच्या घरी घडलं. मी त्याला दादा म्हणतो. दादाने मला सांगितलं एका दिवशी, वहिनीने सांगितलं वेगळ्याच दिवशी. एकमेकांना विचारून नाही. तरी दोन्ही तंतोतंत जुळलं. आणि शेवटचं जे आहे ना, ते मी स्वतः पाहिलंय. माझ्या या डोळ्यांनी.

भुताखेताची गोष्ट म्हटली की रात्र आलीच, असं आपण धरून चालतो.

ही दुपारची आहे. भर दुपारची. बाहेर ऊन रणरणत होतं, समोरच्या गॅरेजमध्ये पत्र्यावर हातोडा चालू होता, आणि तळमजल्यावरच्या त्या घराची मागची खोली आतून बंद होती.

दादाचा धंदा आवाजाचा. लोक त्याच्याकडे जुन्या टेप, रेकॉर्ड, कॅसेट घेऊन येतात. कुणाच्या आजोबांचं भाषण, कुणाच्या बाळाचे पहिले बोबडे बोल. दादा ते साफ करतो, वाजवतो आणि कॉम्प्युटरमध्ये उतरवून देतो. त्यासाठी लागणारी यंत्रं आता कुठे मिळत नाहीत. मोठाल्या चकत्यांचं टेप मशीन, काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, कागदी पडद्यांचे स्पीकर. आणि एक माइक, ज्याला तो दुसऱ्या कुणाला बोटसुद्धा लावू देत नसे.

या सगळ्यांचा वैरी एकच. ओल.

ओल लागली की टेपवर पांढरी बुरशी धरते. स्पीकरचा कागद मऊ पडतो, आवाज बसतो. जोडाजोडीच्या तारा हिरव्या पडतात. आणि तो लाडका माइक तर हवेत जरा दमटपणा आला की चरचरायला लागतो.

म्हणून दादाने मागच्या खोलीत डीह्युमिडिफायर ठेवला होता. लहान कपाटाएवढं मशीन. दिवसभर घुं घुं करत हवेतली ओल ओढायचं. खालच्या टाकीत पाणी साठायचं, ते दादा ओतून टाकायचा. भिंतीवर आर्द्रता दाखवणारं मीटर. काटा पन्नासच्या आत असला की दादा खूश.

"त्या काट्याकडे बघतोस त्याच्या निम्म्यानं जरी माझ्याकडे बघितलं असतंस ना," वहिनी म्हणायची, "तर संसार सोन्याचा झाला असता."

पण घर दादाचं नव्हतं. घर वहिनीच्या वडिलांचं. अण्णांचं.

अण्णा कोर्टात बेलिफ होते. हुकूम घेऊन जायचं, दार ठोकायचं, आतल्या माणसांना सामानासकट बाहेर काढायचं आणि कुलूप लावायचं. हयात त्यातच गेली. रडणारी बाई बघून हा माणूस कधी विरघळला नाही, आणि कोयता घेऊन धावून आलेला बघून कधी मागे सरला नाही. निवृत्त झाले, बायको गेली, छातीचा विकार जडला. म्हणून वहिनी नवऱ्याला घेऊन माहेरी राहायला आली.

बस. तेवढं निमित्त अण्णांना पुरलं.

"घरजावई आले," ते शेजाऱ्यांना सांगायचे. "सोबत भंगारही आणलंय."

त्यात डॉक्टरांनी अण्णांना सांगितलेलं, कोरडी हवा तुम्हाला सोसायची नाही, खोलीत वाफेचं यंत्र लावा. आणि अण्णांची खोली नेमकी दादाच्या खोलीला लागून. भिंतीच्या अलीकडे वाफ, पलीकडे कोरड. अण्णा खोकले की भिंतीवर काठी आपटायचे.

"जावईबापू! माणूस मेला तरी चालेल, तुमच्या डब्यांना पडसं होता कामा नये, काय?"

"अण्णा, त्या डब्यांवर घर चालतं."

"घर माझं आहे. तुम्ही यायच्या आधीही चालत होतं."

वहिनी औषधाच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी यायची, तर इथे हे. दोघांच्या मध्ये तिचं पार सँडविच व्हायचं.

आणि मग एके दिवशी काटा चढला.

कोरडे दिवस होते. पावसाचा मागमूस नाही. दादा जेवून खोलीत आला, तर मीटर साठच्या वर.

त्याला वाटलं, मीटर बिघडलं. त्याने दुसरं आणलं.

दुसऱ्यानेही तेच दाखवलं.

सकाळी सगळं ठीक असायचं. दुपारी खोली बंद करून दादा जेवायला गेला की काटा चढायचा. तासाभराने परत येऊन बघावं, तर हवा जड. खिडकीची काच आतून धुरकट. टेपच्या डब्यांवर बोट फिरवलं तर बोट ओलं.

संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं जागच्या जागी.

दादाने प्लंबर बोलावला. प्लंबरने सगळी भिंत ठोकून पाहिली, फरशीला कान लावला, छतावर टॉर्च मारला.

"साहेब, भिंत ठणठणीत कोरडी आहे," तो म्हणाला. "इथे पाण्याची लाइनच नाही."

मग जाता जाता दारात थांबला.

"खोलीत जास्त माणसं बसतात का हो? बंद खोलीत माणसं कोंबली ना, की अशी ओल धरते. श्वासाची."

"मी एकटाच असतो," दादा म्हणाला.

प्लंबरने खोलीकडे एकदा पाहिलं. मग पिशवी उचलून निघून गेला.

दादाच्या डोक्यात मात्र एकच नाव. अण्णा! दुसरं कोण? आपण जेवायला बसलो की म्हातारा वाफेचं यंत्र उचलून आत आणून ठेवत असणार. त्याने दाराला रबरी पट्ट्या मारल्या. खिडकीच्या फटी बुजवल्या. नवं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

त्या दुपारी काटा सत्तरवर गेला.

कुलूप जसंच्या तसं.

दादा आत गेला. मशीन घुं घुं करत होतं. सगळं जागेवर होतं. त्याने सवयीने टाळी वाजवली. आवाजाची माणसं कुठल्याही खोलीत शिरली की टाळी वाजवून बघतात. रिकामी खोली टाळी परत फेकते. माणसांनी भरलेली खोली ती गिळते. अंगं, कपडे आवाज शोषून घेतात.

दादाने टाळी वाजवली...

आणि खोलीने ती गिळली.

त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. जणू कोपऱ्याकोपऱ्यात कुणी दाटीवाटीने उभं होतं.

तो बाहेर आला आणि दार लावून घेतलं. घाबरलो नव्हतो, असं तो मला म्हणाला. चिडलो होतो. पण हे सांगताना त्याने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने खोलीच्या मधोमध तो माइक उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं, कुलूप घातलं आणि जेवायला बसला. अण्णा समोरच बसून जेवत होते. पूर्ण वेळ.

जेवण झाल्यावर दादाने हेडफोन लावले.

आधी नुसती शांतता. मशीनची घुं घुं. खिडकीबाहेर गॅरेजमधला हातोडा. ठण... ठण... ठण...

मग हातोड्याचा आवाज दबला.

थांबला नाही. दबला. खिडकी आणि माइक यांच्या मध्ये कुणी येऊन उभं राहिल्यासारखा.

थोड्या वेळाने पुन्हा मोकळा. ठण... ठण...

पुन्हा दबला. आता जास्त.

पावलांचा आवाज नाही. कपड्यांची सळसळ नाही. काहीच नाही. फक्त बाहेरचं जग मधूनमधून झाकलं जात होतं. आणि दर वेळी ते झाकणारं जे काही होतं... ते माइकच्या जास्त जवळ असायचं.

शेवटी हातोडा ऐकूच येईना.

आणि माइक चरचरायला लागला. अगदी तोंडासमोर धरून कुणी श्वास सोडावा तसा.

दादाने हेडफोन काढून फेकले.

आता कुणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? सामान उचललं असतं आणि खोली सोडली असती. दादाने काय केलं? तो तडक अण्णांच्या खोलीत गेला आणि भांडला. माणूस घाबरला की त्याला आधी कुणाच्या तरी अंगावर जावंसं वाटतं.

"तुम्ही काहीतरी करताय! भिंतीला भोक पाडलंय, नाहीतर दुसरी किल्ली करून घेतलीय!"

"मी?" अण्णा खुर्चीतून उठले. "माझ्याच घरात मी चोर?"

"मग कोण येतं आत?"

"ते मला विचारता? दुपारी भिंतीला टेकून बसतो मी. पलीकडे कुणीतरी असतं. मला वाटायचं, तुम्ही असता. जेवण टाकून मध्येच डब्यांशी गप्पा मारायला जाता."

वहिनीला त्या दिवशी सुट्टी होती. ती दारात आली. "पुरे करा! दोघांनी माझा जीव नकोसा केलाय."

कुणी ऐकलं नाही. अण्णा काठी टेकत पॅसेजमध्ये आले होते. डोळ्यांत एक जुनी चमक. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हातात हुकूम ठेवला होता जणू.

"माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय कुणी राहत असेल," ते म्हणाले, "तर त्याला कसं काढायचं ते मला कळतं. दार उघडा, जावईबापू."

"अण्णा, नको," वहिनी म्हणाली.

"भल्याभल्यांना बाहेर काढलंय मी. हा कोण टिकोजीराव?"

दादाने दार उघडलं. रेकॉर्डिंग ऐकून भांडण होईपर्यंत खोली पुन्हा कोरडी झाली होती. काटा पन्नासच्या खाली. अण्णांनी एक खुर्ची मधोमध ओढली, माइकच्या शेजारी, आणि ऐटीत बसले. मग पुन्हा उठले आणि आतून कडी घातली.

"म्हणजे नंतर मी काही केलं म्हणायला तोंड नको तुम्हाला," ते दारामागून ओरडले.

दादा बाहेर पॅसेजमध्ये जमिनीवर बसला. माइकची तार दाराखालून बाहेर काढलेली. कानाला हेडफोन. वहिनी त्याच्या शेजारी, हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला. नव्या मीटरचा आकडे दाखवणारा एक छोटा पडदा बाहेरही होता. दोघं त्याच्याकडे बघत होती.

अण्णांचा श्वास ऐकू येत होता. छातीतली घरघर. काठीची टकटक.

"कोण आहे रे?" अण्णांचा आवाज. सरकारी. कोरडा. "ही जागा माझ्या नावावर आहे. चालता हो."

काही नाही.

हातोडा. ठण... ठण...

"ऐकू येत नाही? सामान उचल आणि नीघ."

पडद्यावरचा आकडा हलला. पंचावन्न. मग साठ.

वहिनीने दादाचा हात धरला.

हातोड्याचा आवाज दबला...

अण्णा हसले. "आलात? बरं झालं. आता मुकाट्यानं..."

ते मध्येच थांबले.

मग हळू, जरा वैतागून म्हणाले,

"जावईबापू... तुम्ही आत कधी आलात?"

 दादा तर बाहेर होता. वहिनी त्याचा हात धरून बसली होती.

"अण्णा!" तो ओरडला. "मी बाहेर आहे! दार उघडा!"

"मागे उभे राहू नका," अण्णा आत म्हणत होते. आवाज शांत, आपल्या माणसाशी बोलावं तसा. "पुढे या. अहो, असं अंगावर काय येताय..."

आकडा ऐंशीवर गेला.

माइक चरचरायला लागला. त्या चरचरीतून वहिनीने जे ऐकलं ते तिने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारू नकोस म्हणाली.

कुणीतरी श्वास घेत होतं.

आत घेत होतं. आणखी आत. आणखी.

सोडतच नव्हतं.

मग माइक बंद पडला.

दादाने दाराला खांदा दिला. वहिनी रस्त्यावर धावली. गॅरेजमधला मिस्त्री हातोडा घेऊनच आला. तिसऱ्या घावाला कडी उचकटली.

दार उघडलं आणि गरम, दमट हवेचा लोट तोंडावर आला. मिस्त्री दोन पावलं मागे सरला. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. काचेवरून पाणी. टेप मशीनच्या चकत्या ठिबकत होत्या. स्पीकरचे कागद लोंबकळत होते.

आणि मधोमध खुर्चीवर अण्णा.

एवढ्या ओल्या खोलीत ते एकटेच कोरडे होते.

कातडी हाडांना चिकटलेली. जीभ काळपट, तोंडात मावत नसल्यासारखी बाहेर आलेली. डोळे उघडे, पण पापणी हलत नव्हती. सदरा हाताला कुरकुरीत लागत होता.

जिवंत होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेतलं. आवाज चढवूनच बोलले.

"यांना पाणी कधीपासून दिलं नाहीत तुम्ही?"

"जेवण माझ्यासमोर झालं," वहिनी म्हणाली. "वर चहा घेतला."

"बाई, खोटं बोलू नका. वाळवंटात हरवलेल्या माणसाची अशी अवस्था होते. घरातल्या म्हाताऱ्याची नाही."



दादा मध्येच कपडे न्यायला घरी आला. मागची खोली तशीच उघडी. डीह्युमिडिफायर अजून चालू होता. टाकी भरल्याचा लाल दिवा लागलेला.

त्याने सवयीने टाकी काढली.

पाणी कोमट होतं.

यंत्राचं पाणी नेहमी गार असतं. हे अंगाच्या उबेइतकं कोमट होतं. तो टाकी घेऊन मोरीपाशी गेला आणि ओतणार, तेवढ्यात फोन वाजला. वहिनीचा. हॉस्पिटलमधून.

"कुठे आहेस?"

"घरी. टाकी भरलीय, ती ओतून..."

"ओतू नकोस!" ती किंचाळली. मग हुंदका आला. "अरे, ओतू नकोस ते... ते अण्णांचं आहे."

दादा टाकी हातात घेऊन मोरीपाशी तसाच उभा राहिला. किती वेळ, त्याला ठाऊक नाही. ओतवत नव्हतं आणि ठेववतही नव्हतं. शेवटी अंगणात खड्डा खणला आणि त्यात सोडून वर माती लोटली. एखाद्या माणसाला द्यावी तशी.

अण्णा वाचले. सलाइनवर सलाइन लावून डॉक्टरांनी त्यांना परत आणलं. ते घर सगळ्यांनी सोडलं. यंत्रं कामातून गेलीच होती. दादाने दुसऱ्या गावात चौथ्या मजल्यावर जागा घेतली आणि आता तो एका ऑफिसात नोकरी करतो. आवाजाचं काम सोडलं ते सोडलंच.

अण्णा त्यांच्याबरोबरच राहतात. दादाशी बोलत नाहीत. खोलीत त्यांच्या मागे येऊन उभा राहिला तो दादाच, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. कितीही समजावा.

"मी याचं तोंड पाहिलं," ते म्हणतात. "हाच होता. फक्त... हा जरा बुटका वाटतो."

आता मी पाहिलं ते.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे दोन दिवस राहायला गेलो होतो. सकाळी कडाक्याची थंडी. अण्णा गॅलरीत उन्हाला बसले होते. मी चहा घेऊन गेलो. बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती. चहातूनही.

अण्णा बोलत होते. पेपरात काय आलंय, खालच्या मजल्यावरचे लोक कसे नालायक आहेत, जावई कसा नालायक आहे. चांगलं भरभरून बोलत होते.

त्यांच्या तोंडासमोर काहीच नव्हतं.

मला वाटलं, उन्हामुळे दिसत नसेल. मी जरा वाकून पाहिलं. छाती वरखाली होत होती. घरघर ऐकू येत होती. वाफ मात्र नाही.

त्यांनी चष्मा काढला. पुसण्यासाठी काच तोंडाजवळ नेली आणि "हाऽऽ" केलं.

काच स्वच्छ.

पुन्हा. "हाऽऽ."

काच तशीच. लख्ख. कोरडी.

ते थोडा वेळ काचेकडे बघत बसले. मग चष्मा माझ्यासमोर धरला.

"तू मार रे जरा फुंकर."

काय करणार? मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी चष्मा घेतला आणि काचेवर श्वास सोडला. काच पांढरी झाली.

मी पुसायला रुमाल काढला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. त्या वयाच्या माणसाला एवढी ताकद असते, हे मला ठाऊक नव्हतं.

"थांब," ते म्हणाले.

आणि त्या काचेवरच्या वाफेकडे ते असे बघत होते... उपाशी माणसाने वाढलेल्या ताटाकडे बघावं तसे.

मी मनगट सोडवून घेतलं. काहीतरी कारण काढलं आणि त्याच दुपारच्या गाडीने परत आलो.

त्याला आता बरेच महिने झाले. मी तिकडे फिरकलेलो नाही. दादा फोन करतो, ये म्हणतो. मी कामाचं सांगतो.

परवा आई वहिनीशी फोनवर बोलली. ठेवल्यावर मला म्हणाली, "तिची तब्येत काही बरी वाटत नाही रे. आवाज पार बसलाय. म्हणते, कितीही पाणी प्यायलं तरी तहान भागत नाही."

मी विचारलं, "आणि अण्णा?"

"अण्णा?" आई म्हणाली. "अण्णा ठणठणीत आहेत. तोंडावर चांगली तुकतुकी आलीय म्हणे."